गुलाबी लोणार बघायला गेले त्याची गोष्ट (जालन्याहून एका दिवसात)

बांधावरची_बोर (जालना)

२०२०च्या जूनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो आला तेव्हा मी खोटा म्हणून सोडून दिला होता. लोणारचं पाणी गुलाबी? कुणीतरी बसल्या बसल्या मोबाइलवर रंग चढवला असणार. दोन दिवसांनी पेपरात तोच फोटो. घरापासून नव्वदेक किलोमीटरवर असलं काही घडतंय आणि जाता येत नाही, कारण जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास, आणि पासाला कारण लागायचं. मयत, दवाखाना, लग्न. ‘तळं बघायचंय’ हे त्या यादीत नव्हतं. पुढं पाऊस लागला, रंग उतरला आणि विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. त्यानंतर दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा हिवाळ्यात, दोन्ही वेळा पाणी हिरवं. मग मी आपला हिशोब केला, की रंग दिसला तो जूनच्या सुरुवातीला, म्हणजे पावसाआधी, म्हणजे आपण जायचं मे संपता संपता. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “मे महिन्यात लोणारच्या खड्ड्यात? येडी का खुळी तू?” आणि दुसऱ्या मिनिटाला, “मी पण येतो.” वय ६८, एक गुडघा कामातून गेलेला. सोबत आतेभाऊ, गाडी त्याची.

पहाटे चारला निघालो. शिदोरीला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि बाटलीत ताक. सिंदखेडराजाला चहा घेतला तेव्हा अजून अंधार होता. (ज्यांना जिजाऊंचा वाडा आणि लखुजीरावांची समाधी बघायची असेल त्यांनी परतीच्या वाटेवर ठेवा. आणि १२ जानेवारीला या रस्त्यानं जायचं तर जिजाऊ जन्मोत्सवासाठीच जा, लोणार त्या दिवशी विसरा.) उजाडता उजाडता काठावर पोचलो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, लोणार येतंय असं रस्त्यावरून काही कळत नाही. सपाट रान, तूर-कपाशीची मोकळी शेतं, मधूनच एक जराशी चढण. त्या चढणीवर उभं राहिलं की पायाखालची जमीन एकदम नाही. खाली वाटोळा खड्डा, आतून झाडीनं भरलेला, तळाशी पाणी. काठापासून काठापर्यंत १.८ किलोमीटर, खोली १३७ मीटर. आकडे मला पाठ आहेत, पण तिथं उभं राहिलं की आकडे आठवत नाहीत. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “परात आहे रे ही, देवाची.”

पाणी? हिरवं. भर मे महिन्यात, ठार हिरवं, पालकाच्या पातळ भाजीसारखं. मी आतेभावाकडं बघितलं नाही.

पण आलोय तर उतरायचं ठरलं होतंच. वनखात्याच्या चौकीवर तिकीट काढलं. तिथल्या दादांनी आधी बाबांच्या चपला बघितल्या, मग माझ्याकडं बघितलं. मला मनातल्या मनात लाज वाटली, कारण बूट घाला म्हणून मी सांगितलंच नव्हतं. दगड सुटे आहेत, पायऱ्या जिथं आहेत तिथं आहेत, नाहीतर मुरूम. आम्हाला उतरायला पाऊण तास लागला. तरणी माणसं वीस-पंचवीस मिनिटांत उतरतात. मधेच एका बाभळीच्या फांदीनं बाबांचा शर्ट पाठीवर फाटला. अर्धा वेळ डोळे झाडीवर होते, कारण वानरांची टोळी आमच्या पिशवीच्या मागं लागली होती. धपाट्यांचा वास त्यांना काठावरूनच आला असणार.

खाली झाडी संपते आणि वास सुरू होतो. सडक्या अंड्याचा. फार नाही, पण पहिल्या झुळकीला नाक मुरडतंच. मग चिखल, चिखलावर पांढुरक्या खाराची खरपुडी, पाय दिला की पापडासारखी मोडणारी. पाण्याच्या कडेला बारीक, उडणाऱ्या माश्यांचा काळा पट्टा होता. मी वाकले की तो पट्टा सरकायचा, उभी राहिले की परत जागेवर.

आणि इथं मला माझा गुलाबी सापडला. पाण्यापासून हातभर अंतरावर, दोन दगडांच्या मधे आटत आलेलं डबकं, माझ्या तळहाताएवढं. कडेनं पांढरी खरपुडी, आणि तिच्या आतल्या अंगाला फिकट गुलाबी कड. दुधात रूहअफजाचा एक थेंब पडावा एवढीच. मधलं पाणी बिनरंगी. पहिल्यांदा वाटलं उन्हाची तिरीप आहे. ओढणी धरून सावली केली, रंग तसाच राहिला. बाबांना हाक मारली. ते गुडघा धरत धरत आले, वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “एवढ्यासाठी मला चार वाजता उठवलं?”

फोटो काढला, पण त्यात काही दिसत नाही. नुसता चिखल दिसतो.

तळ्याला पूर्ण फेरा मारायचा बेत होता, तो जमला नाही. कमळजादेवीच्या बाजूला पाणी इतकं चढलंय की जुनी वाट पाण्यात गेलीय. वर चढायला बाबांना दीड तास लागला. दर वीस पावलांना बसणं. ताक खाली संपलं, पाणी अर्ध्या चढाला. चूक माझीच, तिघांत तीन लिटर नेलं होतं. चढावर एक शाळकरी मुलांचा गट भेटला, त्यांच्या सरांनी स्वतःची बाटली दिली. त्या सरांचं नाव विचारायचं राहून गेलं.

वर आल्यावर जिथं जेवलो त्या हॉटेलचं नाव लिहीत नाही. पिठलं मागितलं, पनीर आलं, आणि बिल दोन्हींचं.

तर प्रश्न असा, की गुलाबी रंग नेमका कधी येतो? मी वेळ चुकले का? आणि ते डबक्यातलं गुलाबी तेच होतं का? जाणकारांनी सांगा.

मोसंबीवाला (जालना)

छान लिहिलंय. पण ताई, लोणार बुलढाणा जिल्ह्यात येतं, म्हणजे विदर्भात. मराठवाड्याच्या कट्ट्यावर कसा काय धागा? 😀 आपल्या वाट्याला आला तो दुष्काळ, उल्का मात्र पलीकडं पडली.

परभणीची_पोर

@मोसंबीवाला, उल्का पडली तेव्हा जिल्हा परिषद नव्हती ओ.

आम्ही जिंतूर-मंठा-लोणार असं जातो. मंठ्यापासून तासाभराचा रस्ता. शेगाव-पंढरपूर मार्ग झाल्यापासून बरा आहे, आधी पाठीचे मणके मोजत जायला लागायचं. शिवाय जगात जर्मनी, भारतात परभणी, त्यामुळं उल्केनं जरा दम धरला असता तर आमच्याकडंच पडली असती.

ढगात_डोकं (छत्रपती संभाजीनगर)

आम्ही कॉलेजात असताना आमच्या सरांनी होकायंत्र नेलं होतं. खाली उतरल्यावर काटा गरगर फिरला. मोठ्या मारुतीच्या देवळात तर मूर्तीच उल्केच्या दगडाची आहे म्हणतात, चुंबक आहे तिच्यात. त्या तळ्यात काहीतरी आहे हे नक्की. रंग बदलणं पण त्यातलंच असणार.

दगडांचा_नाद (संभाजीनगर, निवृत्त)

धागाकर्तीताई, वर्णन आवडलं. ‘पाय दिला की पापडासारखी मोडणारी’ ही खरपुडी हातात घेऊन बघितली असतीत तर साबणासारखी बुळबुळीत लागली असती. तिथं जे आहे ते नुसतं मीठ नाही, सोडा आहे. पाण्याचा पीएच (पाणी किती आंबट की सोड्याचं हे सांगणारा आकडा) साडेदहाच्या आसपास. पोहायला उतरू नका म्हणतात ते त्यासाठीच.

सुरुवातीपासून सांगतो, कारण रंगाचं उत्तर खड्ड्यातच आहे.

आपल्या पायाखालचा जवळजवळ सगळा मराठवाडा हा काळ्या पाषाणाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक सांडून झालेला. त्यावर खूप नंतर एक उल्का येऊन आदळली. किती नंतर, यावर बरीच वर्षं ५२ हजार वर्षं असं उत्तर होतं आणि अजून पुष्कळ फलकांवर तेच असतं. २०११च्या सुमाराला आर्गॉन पद्धतीनं खड्ड्यातल्या वितळलेल्या दगडाचं वय काढलं, ते निघालं ५ लाख ७० हजार वर्षं, सत्तेचाळीस हजार इकडंतिकडं. दहापटीनं जुनं. जुना फलक दिसला तर भांडू नका, हसून पुढं जा.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या खड्ड्याची नोंद केली. नंतर कित्येक दशकं लोक याला मेलेला ज्वालामुखी समजत होते. समजणं साहजिकच, चारी बाजूंना लाव्हाचाच दगड. १९७३ साली आघाताचा पुरावा नीट छापून आला. पुरावा म्हणजे काच. आपल्या काळ्या दगडात प्लॅजिओक्लेज नावाचं पांढुरकं खनिज असतं. प्रचंड दाबाचा धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखं होतं, त्या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीत एवढा दाब होतच नाही. १८६५ साली बिहारात शेरघाटीला एक उल्का पडली होती, तिच्यात हीच काच पहिल्यांदा सापडली, आणि ती उल्का मंगळावरून आलेली आहे हे पुढं कळलं. मंगळावर आणि चंद्राच्या काळ्या डागांत जमीन अशीच काळ्या पाषाणाची, म्हणून जगातले अभ्यासक लोणारला येतात. अ‍ॅरिझोनातला प्रसिद्ध खड्डा वाळूच्या-चुन्याच्या दगडात आहे, तो या कामाला तितका उपयोगी नाही.

उतरताना एक बघा, काठाजवळचे थर सपाट नसतात, बाहेरच्या बाजूला कललेले असतात. पोत्यात खालून बुक्की मारल्यावर तोंडाच्या कडा कशा बाहेर पडतात, तसं. दोन थरांच्या मधे कुठं कुठं विटकरी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. लाव्हाचे दोन लोट येण्यामधे जो काळ गेला त्यात झिजलेल्या दगडाची ती माती, पुढच्या लोटाखाली भाजलेली. रंग बघायला गेलात ना ताई, हा पण रंगच आहे, आणि तो बाराही महिने असतो.

आता पाणी. या परातीत पाणी येतं, बाहेर जात नाही. काठावरच्या गोमुखातून पडणाऱ्या धारेचं, झऱ्यांचं, पावसाचं सगळं आत. जाण्याचा रस्ता एकच, वाफ. पाणी उडतं, क्षार मागं राहतात. हजारो वर्षं असंच चाललंय. म्हणून वर गोमुखाची धार गोडी आणि तीनशे पावलांवर खाली पाणी खारट, हे लोकांना कोडं वाटतं.

एरवी हिरवा रंग असतो तो स्पिरुलिनासारख्या निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांचा. पाणी आटलं, क्षार फार वाढले, की ते मागं पडतात आणि खारट पाण्यातच सुखी असणारे दुसरे जीव माजतात. हॅलोआर्किया म्हणतात त्यांना. त्यांच्या अंगात गाजरात असतो तसल्या जातीचा रंग असतो, तो त्यांना उन्हापासून वाचवतो. २०२०ला वनखात्यानं पाण्याचे नमुने नागपूरला नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडं आणि पुण्याला आघारकर संस्थेकडं पाठवले होते. पुण्यात ते पाणी काही काळ तसंच ठेवल्यावर गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ राहिलं. म्हणजे पाणी रंगलेलं नव्हतंच, पाण्यात रंगीत जीव होते. पाऊस पडला, पाणी पातळ झालं, तो कार्यक्रम आटोपला.

तुमच्या डबक्यातही तेच झालं असणं शक्य आहे, कारण आटणारं डबकं म्हणजे छोटं लोणारच. पण सूक्ष्मदर्शकाखाली न बघता मी पैज लावणार नाही.

दगडांचा_नाद

@ढगात_डोकं, राहिलंच. काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं, लोहचुंबकी खनिज. वीज पडलेल्या खडकावर होकायंत्र ठेवा, देवगिरीवर ठेवा, वेरूळला ठेवा, काटा थोडाफार भरकटतो. गरगर फिरायला मात्र तो हातात धरणाऱ्या माणसाचा हात हलावा लागतो. मूर्ती शेंदरात असते, आतल्या दगडाबद्दल मी बोलत नाही.

ढगात_डोकं

सर, आमचे सर आता नाहीत, त्यामुळं त्यांचा हात हलला का हे विचारता येणार नाही. पण आम्ही चाळीस पोरांनी बघितलं होतं.

दगडांचा_नाद

मग चाळीस पोरांचा मान राखतो. पुढच्या वेळी होकायंत्र दगडावर ठेवून फोटो टाका.

कोरडवाहू (मंठा)

मी फार लिहीत नसतो. लोणार आम्हाला जवळ, देवीला जाणं-येणं असतं, लहानपणापासून.

ताई, तुम्ही विचारलं गुलाबी कधी होतं. सरांनी सांगितलंच, पाणी आटल्यावर. आता इकडून बघा. लोणारचं पाणी आटतं म्हणजे आमच्या विहिरी कोणत्या हालतीत असतात? त्या मे महिन्यात आमच्या वस्तीवर टँकर होता. दोन बोअर घेतले होते, दोन्ही कोरडे, दुसऱ्याला तीनशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला. धाकटी बैलजोडी त्याच साली विकली. पोरगं मोबाइलवर फोटो दाखवायला आलं, “अण्णा, तळं गुलाबी झालं.” मी म्हणलं, व्हायचंच.

तुम्ही गुलाबी बघायला याल, अवश्य या, आमची काही हरकत नाही. पण तुमच्या बाबांनी पालकाच्या भाजीसारखं पाणी बघितलं ना, ते आमच्याकडं लई दिवसांनी बघायला मिळालंय. देवीच्या देवळापर्यंत पाणी आलं म्हणून गावात कुणी रडलेलं नाही. वाट बुडाली तर बुडू द्या.

मोसंबीवाला

अण्णा, हे वाचून गप्प झालो. आमच्या ३०० मोसंबीच्या झाडांपैकी २०१६च्या उन्हाळ्यात ११० उरली होती. लातूरला रेल्वेनं पाणी नेत होते ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, आमच्या बागेला कोण रेल्वे आणणार. विदर्भाचा विनोद मागं घेतो.

बांधावरची_बोर

अण्णा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सहा वर्षं एका रंगाची वाट बघत होते, म्हणजे नेमकं काय मागत होते ते तुम्ही आज सांगितलंत. बाबांना वाचून दाखवलं. ते स्वतः जिरायती शेतीतून आलेले, ते नुसतं “हूं” म्हणाले. मग म्हणाले, “तुला मी तेव्हाच सांगणार होतो, पण तू इतक्या हौशीनं धपाटे केले होते.”

लांबची_मावशी (मूळ सेलू, आता पुणे)

रंगाचं चाललंय ते चालू द्या, मला खाराचं सांगायचंय. आमच्या आजीचे उडदाचे पापड आळीत नावाजलेले होते आणि त्याचं श्रेय ती स्वतःकडं कधी घेत नसे, “लोणारचा खार आहे” म्हणायची. वर्षातून एकदा कुणीतरी आणून द्यायचं, मातीच्या रंगाचे खडे, वर्तमानपत्राच्या पुडीत. ती ते पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवायची आणि सकाळी वरचं नितळ तेवढं घ्यायची. (दगडांच्या सरांनी लिहिलेला पुण्याचा प्रयोग वाचताना मला तेच पातेलं दिसलं.) खार जास्त झाला तर पापड लालसर पडतो आणि जिभेला चरचरतो, कमी झाला तर फुलत नाही. ती बोटानं चाखून सांगायची. आम्हाला हात लावू द्यायची नाही.

आता दुकानात पापडखार मिळतो, पांढराशुभ्र, पुडीवर लोणारचं नावही नसतं. अर्थात आता तिथनं कुणी खडे उचलून आणत असेल तर तेही बरोबर नाही, अभयारण्य आहे. मी फक्त आठवण सांगितली.

दगडांचा_नाद

मावशी, आठवण लाखाची आहे. ऐन-इ-अकबरीतसुद्धा या भागाबद्दल लिहिताना काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथल्या डोंगरात मिळतं अशी नोंद आहे. म्हणजे अकबराच्या कारकुनालाही खारातच रस होता, रंगाबद्दल त्यानं अवाक्षर काढलेलं नाही. बाकी अभयारण्याचं बरोबर बोललात. २०००पासून आहे, आणि २०२०च्या नोव्हेंबरात जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं, नांदूरमधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं. खडा, दगड, पाणी, पीस, काहीच उचलायचं नाही.

चालत_राहा (संभाजीनगर, दर रविवारी कुठंतरी)

उतरणाऱ्यांसाठी कामाचं लिहितो, बाकीचे गप्पा मारा.

पाणी माणशी तीन लिटर, उन्हाळ्यात चार. धागाकर्तीनं तिघांत तीन नेलं ते वाचून मला घाम फुटला. बशीच्या तळाशी वारा लागत नाही, वर ३८ असलं तर खाली अंगाची लाही होते. पहाटे उतरा, नऊला परत चढायला लागा. चौकीवर नाव लिहा, किती जण खाली गेले ते त्यांना कळू द्या. एकट्यानं उतरू नका, बिबट्याचा वावर आहे. दिसत नाही तो, पण असतो.

सगळ्यात महत्त्वाचं, काठाच्या कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, बॉडी स्प्रे, सिगारेट, ड्रोन, आरडाओरडा, यातलं काहीही नको. मागं एका ट्रेकला (लोणार नाही, दुसरीकडं) आमच्यातल्या एकानं देवळात धूप लावला आणि पुढची वीस मिनिटं आम्ही सगळे चादरीखाली होतो. मला एकट्याला सतरा ठिकाणी चावल्या. सतराही मोजल्या, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

काठावरून चालत फेरा मारायचा असेल तर साधारण सहा किलोमीटर, उतरायचं नसलेल्यांना तोच चांगला. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी काठावरून बघून गावात दैत्यसूदनाच्या देवळात जावं. भिंतीवरचं कोरीवकाम आणि छतातला लवणासुराचा वध बघायला अर्धा दिवस पुरत नाही. सोबत विजेरी न्या, आत अंधार असतो. बाबांना पुढच्या वेळी तिथं बसवा.

परभणीची_पोर

हिवाळ्यात जाणाऱ्यांनी अंबर तळं पण बघा, छोटं लोणार म्हणतात. पक्षी चिक्कार असतात. आणि मोर तर इतके की पहाटे झोपूच देत नाहीत.

वाचनखूण साठवली. पावसाळ्यानंतर एक परभणी-जालना संयुक्त मोहीम काढायची का? सुशीला माझ्याकडून.

नवा_गडी

सुशीला कोण?

परभणीची_पोर

कोण नाही ओ, खायची, चुरमुऱ्याची! तुम्ही नक्की मराठवाड्यातले?

कट्टा_संपादक

सुशीलावरची चर्चा पाककृती विभागात हलवत नाही, कारण चर्चा गोड आहे. पण मोहिमेचे फोन नंबर इथं टाकू नका, निरोप खाजगीत पाठवा.

ढगात_डोकं

धागा वर काढतोय. काल, म्हणजे जुलैच्या दुसऱ्या शनिवारी, जाऊन आलो. पाऊस होऊन गेलेला, वाट निसरडी, दोनदा बसकण मारली. वरून बघितलं तर सगळी परात हिरवी, झाडी कुठं संपते आणि पाणी कुठं सुरू होतं ते नीट नजर लावल्याशिवाय कळत नव्हतं. धार जोरात होती. खाली कडेला हिरवा फेस साचलेला, वाऱ्यानं एका बाजूला लोटलेला.

धागाकर्तीनं सांगितलेले दोन दगड शोधले. माझ्या अंदाजानं सापडले, पण तिथं आता घोटाभर पाणी आहे.

होकायंत्र नेलं होतं. दगडावर ठेवलं. हललं, पण फिरलं नाही. सरांना माझा नमस्कार. आमच्या सरांनाही.

दगडांचा_नाद

पोचला.

बांधावरची_बोर

बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. डबकं बुडालं म्हणल्यावर हसले. मग म्हणाले, मंठ्याच्या त्या माणसाला विचार, पेरणी झाली का.

कोरडवाहू (मंठा)

झाली म्हणावं. सोयाबीन आहे, मधून तुरीच्या ओळी. परवा उगवलं. बाबांना घेऊन या एकदा, बूट घालून.